वाचक विचारतात: ताण चढतो केव्हा आणि उतरतो केव्हा?

गेल्या महिन्यात या सदरात रक्तदाबाविषयी लिहिताना मी ओघात एक वाक्य लिहून गेलो होतो की, ताण हा दर वेळी शत्रूच असतो असे नाही. त्या एका वाक्यावर आलेल्या पत्रांनी माझ्या दवाखान्यातला एक खण भरला. काही पत्रे रागाची आहेत आणि एका वाचकाने तर ‘चिता आणि चिंता यांत केवळ एका अनुस्वाराचा फरक आहे, हे डॉक्टरांनी विसरू नये,’ असे बजावले आहे. त्यांना एवढेच सांगतो की, ते सुभाषित चिंतेविषयी आहे, ताणाविषयी नाही, आणि या दोहोंतला फरक खालील उत्तरांतून पुरेसा स्पष्ट व्हावा. बहुतेक पत्रे ठाणे आणि नवी मुंबईतूनच आली असून त्यांतील पाच पत्रे संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न: मी ३४ वर्षांचा असून घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीला राहतो आणि ऐरोलीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. नुकत्याच झालेल्या प्रशिक्षणात आम्हाला एक आलेख दाखवून ‘थोडा ताण हवाच, त्याशिवाय माणसाकडून चांगले काम होत नाही,’ असे सांगण्यात आले. घरी पत्नीचे म्हणणे असे की, ताणाने बीपी वाढते, साखर वाढते, त्यात चांगले काहीही नाही. माझा अनुभव विचाराल तर, रिलीजच्या, म्हणजे नवे सॉफ्टवेअर ग्राहकाला देण्याच्या, आठवड्यात मी खरोखरच उत्तम काम करतो, परंतु रविवारची संध्याकाळ झाली की हातात कोणतेही काम नसताना पोटात गोळा येतो. दोघांपैकी बरोबर कोण?

उत्तर: दोघांचेही म्हणणे खरे आहे, कारण दोघे दोन निरनिराळ्या ताणांविषयी बोलत आहेत, आणि गंमत म्हणजे ते दोन्ही ताण आपण स्वतःच आपल्या पत्रात वर्णिले आहेत.

आपण रोज ठाणे स्थानकातून ऐरोलीची गाडी पकडत असाल. सकाळी पुलावरून नऊ-दहा नंबरच्या फलाटाकडे येताना गाडी उभी दिसते, भोंगा वाजतो आणि आपण दोन-दोन पायऱ्या गाळत खाली धावता. त्या काही क्षणांत आपल्या मूत्रपिंडांच्या टोकावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन हे संप्रेरक (हार्मोन) रक्तात उतरलेले असते. हृदयाचे ठोके वाढतात, यकृत साठवलेली साखर मोकळी करते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, पोटाकडचे आणि त्वचेकडचे रक्त मांड्या-पोटऱ्यांकडे वळते, पचन थांबते, तोंड कोरडे पडते. जखम झालीच तर रक्त वाहून जाऊ नये म्हणून ते गोठण्याची तयारीदेखील शरीर करून ठेवते. हार्वर्ड विद्यापीठातील वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या साऱ्या तयारीचे वर्णन ‘लढा किंवा पळा’ असे केले होते. आपण पळालात. काही मिनिटांनी मेंदूच्या आज्ञेवरून त्याच ग्रंथींच्या बाहेरच्या थरातून कॉर्टिसॉल हे दुसरे संप्रेरक येते आणि खर्च झालेल्या इंधनाची भरपाई करू लागते. आता पुढचे पाहा. आपण डब्यात शिरता, कडीला हात घालता, घाम टिपता, आणि दिघा मागे पडून ऐरोली येईपर्यंत छातीतली धडधड थांबलेली असते. रक्तातले कॉर्टिसॉल पुरेसे वाढले की तेच मेंदूला ‘आता पुरे’ असा निरोप देते आणि सारी यंत्रणा मागे हटते. ताणाची मूळ रचना ही अशी आहे. ती थोडा वेळ चालून थांबण्यासाठी घडलेली आहे.

अशा थोडक्या वेळाच्या ताणाचे फायदे खरे आहेत आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. लक्ष एका जागी येते, थकवा तात्पुरता मागे पडतो, त्या प्रसंगाची आठवण पक्की होते, आणि संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीदेखील काही काळ रक्तात अधिक संख्येने फिरू लागतात. व्यायाम म्हणजे तरी दुसरे काय? स्नायूंवर आणि हाडांवर मोजून दिलेला ताण आणि त्यानंतर विश्रांती. आपला रिलीजचा आठवडा याच जातीचा आहे, कारण काम काय ते ठाऊक आहे, ते करण्याचे कौशल्य आपल्यापाशी आहे आणि त्याला शेवटची तारीख आहे.

प्रशिक्षणात दाखवलेल्या आलेखाविषयी मात्र थोडे स्पष्टच लिहितो. उपड्या वाटीसारखा दिसणारा तो आलेख रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांच्या १९०८ च्या प्रयोगाच्या नावावर खपवला जातो. तो प्रयोग उंदरांवर होता. पांढऱ्या आणि काळ्या खोक्यांतून योग्य ते निवडायचे आणि चुकले की विजेचा झटका, अशी ती परीक्षा होती. निवड सोपी असताना झटका जितका जोरदार तितके उंदीर लवकर शिकले, परंतु निवड अवघड केल्यावर मध्यम झटकाच उपयोगी पडला आणि जोरदार झटक्याने शिकणे मंदावले. म्हणजे आलेखाचा खरा निष्कर्ष असा की, काम जितके गुंतागुंतीचे तितका कमी ताण माणसाला पेलतो. हा अर्धा भाग प्रशिक्षणवर्गांत क्वचितच सांगितला जातो, आणि तो का सांगितला जात नसावा याचा तर्क वाचकांनीच करावा.

आता रविवारची संध्याकाळ. तेथे गाडी नाही, धावणे नाही, म्हणून पोहोचणेही नाही. सोमवारच्या सभेची केवळ चिंता मनात येते आणि शरीर तीच सारी तयारी करून बसते. वाढलेली साखर कोणत्याही स्नायूने वापरलेली नसते, वाढलेला रक्तदाब खाली येण्याचे कारण घडलेले नसते, आणि पोटाकडचे रक्त कमी झाल्याने तो गोळा उठतो. असे महिन्यातून एकदा झाले तर बिघडत नाही. दर आठवड्याला, पुढे दर रात्री होऊ लागले की पत्नीचे म्हणणे खरे ठरू लागते. रक्तदाब, कमरेभोवतीची चरबी, रक्तातील साखर, झोप आणि चिडचिड यांवर परिणाम करतो तो हाच न उतरणारा ताण. म्हणून ताण किती आहे हे मला कोणी सांगू लागले की मी उलट विचारतो, तो उतरतो केव्हा?

आपल्यासाठी सूचना दोनच. शुक्रवारी कार्यालय सोडण्यापूर्वी सोमवारचे पहिले काम कागदावर लिहून तो कागद तेथेच ठेवून यावे, आणि रविवारी कार्यालयाचा व्हॉट्सॲप गट उघडू नये. गोळा आलाच तर बसून त्याचा विचार करण्याऐवजी सोसायटीच्या आवारात वीस-पंचवीस मिनिटे भरभर चालावे, म्हणजे शरीराने जी तयारी केली आहे ती कोठेतरी खर्च होते. पत्नीच्या समाधानासाठी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरी रक्तदाब मोजून ते आकडे आपल्या डॉक्टरांना दाखवावेत.

प्रश्न: माझी मुलगी वाशीतील शाळेत दहावीत आहे. घरी तिला सगळे येते, पण सराव परीक्षेत प्रश्नपत्रिका हातात आली की हात बर्फासारखे गार पडतात आणि पाठ केलेली व्याख्या आठवत नाही. पेपर देऊन बाहेर आली की पायऱ्यांवरच आठवते. आम्ही तिला सारखे सांगतो की अजिबात ताण घेऊ नकोस. तरी फरक नाही. काय करावे?

उत्तर: सर्वप्रथम ‘ताण घेऊ नकोस’ असे सांगणे बंद करावे, ही विनंती. ताण घेणे हे काही तिच्या हातात नाही, तेव्हा न जमणारी गोष्ट जमत नाही याचे आणखी एक दडपण तिच्यावर येते. हात गार पडतात ते वर सांगितल्याप्रमाणे रक्त मोठ्या स्नायूंकडे वळते म्हणून. त्यात आजार काही नाही. हे तिला एकदा नीट समजावून सांगितले, तर गार हात पाहून घाबरण्याचे तरी तिला कारण उरणार नाही.

आठवण्याविषयी एक गोष्ट जाणून घेण्यासारखी आहे. कॉर्टिसॉल वाढलेले असताना घडणारी घटना मेंदूत पक्की बसते, परंतु आधी साठवलेले बाहेर काढण्याच्या कामात तेच कॉर्टिसॉल आडवे येते. निरोगी माणसांना हेच संप्रेरक गोळीतून देऊन केलेल्या प्रयोगांतही पाठ केलेले शब्द आठवणे मंदावल्याचे दिसले आहे. आपल्या मुलीची व्याख्या हरवलेली नसते, तिच्यापर्यंतची वाट तेवढ्यापुरती बंद होते, आणि पायऱ्यांवर ती मोकळी होते. याच कारणाने पहिली दहा मिनिटे तिने सर्वांत सोपा प्रश्न सोडवण्यात घालवावीत. अवघड व्याख्या तोपर्यंत परत येते, असा माझा आणि अनेक शिक्षकांचाही अनुभव आहे.

ज्या कामाची सवय आहे त्यात दडपण कमी नडते, तेव्हा घरचा अभ्यास आणि परीक्षा यांतले अंतर कमी करावे लागेल. बिछान्यावर लोळत, शेजारी खाऊची वाटी ठेवून केलेली उजळणी आणि लाकडी बाकावर घड्याळाकडे पाहत लिहिलेला तीन तासांचा पेपर या मेंदूच्या दृष्टीने दोन निराळ्या गोष्टी आहेत. आठवड्यातून दोन वेळा तिला परीक्षेच्याच वेळी, टेबलाशी, पुस्तक मिटून, मध्ये न उठता लिहायला बसवावे. पेपरपूर्वी दहा मिनिटे आपल्या मनातील भीती कागदावर उतरवून काढणाऱ्या घाबऱ्या विद्यार्थ्यांना अधिक चांगले गुण मिळाल्याचे अमेरिकेतील एका अभ्यासात २०११ साली आढळले होते. हा उपाय फुकटचा आहे, करून पाहण्यास हरकत नाही. ‘मला भीती वाटते’ याऐवजी ‘माझी तयारी उसळी मारते आहे’ असे स्वतःला सांगणेही अनेकांना उपयोगी पडते, कारण धडधड दोन्हीकडे सारखीच असते, तिला दिलेले नाव तेवढे बदलते.

आणि थोडे अप्रिय लिहितो. आपल्या मूळ पत्रात मुलीचा उल्लेख असलेल्या वाक्यांपेक्षा ‘आम्ही’ने सुरू होणारी वाक्ये अधिक आहेत. आम्ही केबल बंद केली, आम्ही गावी गेलो नाही, आम्ही पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवले. सोळा वर्षांच्या मुलीला या सगळ्याचा हिशेब कळतो. केबल पुन्हा सुरू करावी.

प्रश्न: मी ५२ वर्षांची गृहिणी असून कळव्यात राहते. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत आणि गेली चार वर्षे त्यांना स्मृतिभ्रंश आहे. रात्री त्या तीन-चार वेळा उठतात आणि ‘मला घरी जायचे आहे’ म्हणून दाराची कडी वाजवत बसतात. मिस्टर सकाळी सहाला जातात, म्हणून उठते मीच. या पावसाळ्यात मला तीन वेळा सर्दी-खोकला झाला. विळीवर बोट कापले ते महिना उलटला तरी नीट भरलेले नाही. शेजारच्या काकू म्हणतात, हे सगळे टेन्शनने होते. असे खरेच होते का? कधी कधी पहाटे वाटते की आपणच नसावे.

उत्तर: ताई, आपल्या पत्राचे शेवटचे वाक्य मी सर्वांत आधी घेतो. पहाटे झोप तुटलेली असताना असा विचार येणे हे आपण वाईट असल्याचे किंवा सेवेत कमी पडत असल्याचे लक्षण नाही. थकवा एका मर्यादेपलीकडे गेल्याचे ते लक्षण आहे, आणि त्यासाठी या आठवड्यातच कोणाशी तरी बोलले पाहिजे. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य चालते आणि तेथे मराठीत बोलता येते. प्रत्यक्ष भेटायचे असेल तर ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आहे. १९०१ सालच्या त्या संस्थेच्या नावाला ठाणेकर अजूनही बिचकतात. तसे बिचकू नये, तेथे साध्या झोपेच्या तक्रारीसाठीही माणसे येतात. आणि तो विचार पुन्हा पुन्हा येऊ लागला, तर मिस्टरांना त्याच क्षणी उठवावे, सकाळ होण्याची वाट पाहू नये.

आता आपला प्रश्न. शेजारच्या काकूंचे म्हणणे शास्त्राला धरून आहे, आणि आपल्याच परिस्थितीतल्या स्त्रियांवर ते तपासले गेले आहे. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठातील संशोधकांनी १९९५ साली, घरातील स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि त्यांच्याच वयाच्या, तशी जबाबदारी नसलेल्या १३ स्त्रिया निवडल्या. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची अगदी सारखी छोटी जखम करण्यात आली आणि ती केव्हा भरते याची नोंद ठेवण्यात आली. दुसऱ्या गटाची जखम सरासरी ३९ दिवसांत भरली, तर शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांना ती भरण्यास जवळजवळ ४९ दिवस लागले. सर्दीचेही तसेच आहे. ब्रिटनमध्ये ३९४ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूंचे थेंब सोडून केलेला एक अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. विषाणू सर्वांना दिला गेला होता, तरी सर्वांत कमी ताण असलेल्या गटात २७ टक्के लोकांना सर्दी झाली आणि सर्वाधिक ताण असलेल्या गटात ४७ टक्क्यांना. कॉर्टिसॉल थोडा वेळ वाढले तर उपकारक असते, परंतु ते महिनोन् महिने वाढलेले राहिले की संसर्गाला आणि जखमेला तोंड देणाऱ्या पेशींचे काम मंदावते.

असे असले तरी, महिनाभर न भरणाऱ्या जखमेचे खापर ताणावर फोडून स्वस्थ बसणारा डॉक्टर मी नाही. आपल्या वयात पहिली शंका मधुमेहाची घ्यावी लागते. उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी, आणि हिमोग्लोबिन हे आधी करून घ्यावे. ताण हे निदान इतर सर्व शक्यता पाहून झाल्यावर करायचे असते. दुर्दैवाने, स्त्रीने तक्रार सांगितली की ते सर्वांत आधी केले जाते.

राहिली ती दाराची कडी. सासूबाईंना ‘हेच आपले घर आहे’ असे समजावून उपयोग होत नाही, हे आपल्याला चार वर्षांत कळले असेलच. त्या माहेरचे किंवा लग्नानंतरचे पहिले घर शोधत असतात. त्यांना त्या घराविषयीच विचारावे, अंगण कसे होते, विहीर कोठे होती, आणि बोलत बोलत बिछान्याकडे आणावे. दाराला आतून नजरेच्या वर दुसरी कडी बसवावी आणि दारावर भिंतीच्याच रंगाचा पडदा लावावा. अनेकदा दार दिसले नाही की ते उघडण्याची आठवणही होत नाही. दिवसा त्यांची झोप कमी करून संध्याकाळी थोडे चालवून आणल्यास रात्रीचे उठणे कमी होऊ शकते, आणि त्यांच्या डॉक्टरांकडून औषधांच्या वेळाही एकदा तपासून घ्याव्यात.

परंतु खरा उपाय याच्याही आधीचा आहे. आपल्याला आठवड्यातून निदान दोन रात्री सलग झोप मिळालीच पाहिजे. शनिवारी आणि आणखी एका रात्री मिस्टरांनी कडीच्या बाजूला झोपावे आणि आपण दुसऱ्या खोलीत दार लावून झोपावे. नणंदा-दीर असतील तर महिन्यातून चार दिवस त्यांच्याकडे सासूबाईंना नेण्याची, किंवा त्यांनी येऊन राहण्याची, बोलणी मिस्टरांनीच करावीत. आपण ती करू नयेत. कारण सुनेने मदत मागितली की तिला कुरकूर म्हणतात आणि मुलाने मागितली की तिला व्यवस्था म्हणतात, हे मी माझ्या दवाखान्यात वर्षानुवर्षे पाहतो आहे.

प्रश्न: मी बँकेतून निवृत्त होऊन दोन वर्षे झाली. पाचपाखाडीत स्वतःचे घर, निवृत्तिवेतन व्यवस्थित, मुले मार्गी लागलेली. नोकरीत असताना मार्चअखेर आली की जेवण सुचत नसे. आता कसलाही ताण नाही, मित्र हेवा करतात. तरीही सकाळी उठावेसे वाटत नाही. शिवाय जळजळ आहे, आणि ती जुन्या ताणामुळे झालेल्या अल्सरची असावी असे वाटते.

उत्तर: जळजळीचे आधी संपवतो. जठरातील व्रण हा बहुतेक वेळा हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाच्या जिवाणूमुळे किंवा दीर्घकाळ घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांमुळे होतो, हे आता पक्के झाले आहे. तो जिवाणू शोधून काढणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना त्यासाठी २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ताणाने त्रास वाढू शकतो, पण मार्चअखेरीला दोष देऊन औषध टाळू नये. गुडघेदुखीसाठी गोळ्या घेत असाल तर तसे डॉक्टरांना अवश्य सांगावे.

उठावेसे न वाटण्याचा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ‘स्ट्रेस’ हा शब्द वैद्यकात रुजवणारे हान्स सेली हे जन्माने व्हिएन्नाचे आणि कामाने माँट्रियलचे शास्त्रज्ञ. १९३६ साली त्यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की, अपाय कोणताही असो, थंडी असो की विष, शरीराची प्रतिक्रिया ठरावीक साच्याची असते, आणि अपाय चालूच राहिला तर आधी सावधपणा, मग तग धरणे आणि शेवटी गळाठा अशा तीन पायऱ्यांनी ती उतरत जाते. हेच सेली पुढे, १९७० च्या दशकात, चांगल्या ताणासाठी ‘युस्ट्रेस’ हा शब्द वापरू लागले. त्यातला ग्रीक ‘यु’ आणि आपल्या सुगंध, सुदिन यांतला ‘सु’ हे भाषेच्या कुळात भाऊबंदच आहेत, तेव्हा मराठीत त्याला खुशाल ‘सुताण’ म्हणावे. आपल्याला उणीव आहे ती त्याची. मार्चअखेर जेवण सुचत नव्हते, पण एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ताळेबंद जुळल्यावर जे समाधान मिळे, तेही आता नाही.

मात्र येथेही घाई नको. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस वाटत नसेल, भूक किंवा झोप बदलली असेल, तर ते नैराश्य असू शकते. थायरॉइड संप्रेरक किंवा बी-१२ जीवनसत्त्व यांच्या कमतरतेतही असेच वाटते. तपासणी करून घ्यावी. ती ठीक निघाली, तर मासुंदा तलावाभोवती एकट्याने फेऱ्या मारण्यापेक्षा कोणीतरी आपली वाट पाहील असे काम अंगावर घ्यावे. आपल्या सोसायटीचे हिशेब लेखापरीक्षणात अडकलेले असतील, अशी मला जवळजवळ खात्री आहे. कारण ठाण्यातल्या बहुतेक सोसायट्यांचे असतातच.

प्रश्न: मी रबाळे एमआयडीसीतील एका कारखान्यात पॅकिंगला आहे. आमच्याकडे तीन पाळ्या आहेत आणि उद्याची पाळी कोणती ते रात्री दहा वाजता फोनवर कळते. मागच्या महिन्यात एक मॅडम येऊन आम्हाला दीर्घ श्वसन शिकवून गेल्या. साहेब म्हणाले, तुमच्यापेक्षा आम्हाला ताण जास्त, जबाबदारी आमच्यावर असते. ताण कोणाला जास्त असतो? साहेबाला की कामगाराला?

उत्तर: या प्रश्नाचा अभ्यास फार मोठ्या प्रमाणावर झालेला आहे, आणि त्याचे उत्तर साहेबांना आवडणारे नाही. लंडनमधील सरकारी नोकरांची १९६७ पासून पाहणी करण्यात आली. त्यांत शिपायापासून वरिष्ठ अधिकाऱ्यापर्यंत सतरा हजारांहून अधिक पुरुष होते. सगळ्यांना नियमित पगार, कोणीही उपाशी नाही, उपचार सर्वांना सारखेच उपलब्ध. समज असा होता की, निर्णयांचे ओझे वाहणारे वरिष्ठच हृदयविकाराने अधिक दगावत असतील. निघाले उलट. सर्वांत खालच्या श्रेणीतील लोकांत हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट होते, आणि धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब वजा केल्यावरही त्या फरकाचा मोठा भाग उरत होता. मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली १९८५ साली, या वेळी स्त्रियांनाही घेऊन, दुसरी पाहणी सुरू झाली. कामावर स्वतःचे काहीच चालत नाही, काय, केव्हा आणि कोणत्या क्रमाने करायचे हे दुसराच ठरवतो, या गोष्टीचा हृदयावर परिणाम होतो, असे तीतून पुढे आले. साहेबांची जबाबदारी खोटी नाही. पण त्यांना उद्या किती वाजता उठायचे ते ठाऊक असते.

आपल्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. रक्तातील कॉर्टिसॉल जागे होण्याच्या सुमारास चढते आणि मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत कमी होते. हे घड्याळ नव्या पाळीशी जुळवून घेण्यास शरीराला कित्येक दिवस लागतात. आपली पाळी आठवड्यात दोनदा बदलत असेल तर ते कधीच जुळत नाही, भूक भलत्या वेळी लागते, दिवसाची झोप पाच तासांवर जात नाही, आणि अशा अवस्थेत यंत्राशी काम करणे धोक्याचेही आहे. दीर्घ श्वसन वाईट नाही. सावकाश सोडलेल्या श्वासाने ठोके मंदावतात, हे खरे आहे, आणि झोपण्यापूर्वी ते जरूर करावे. परंतु रात्री दहाच्या फोनवर ते उपाय नव्हे.

माझ्या मते आपण एकच मागणी करावी आणि ती लेखी करावी, की पाळ्यांचे वेळापत्रक निदान एक आठवडा आधी फलकावर लागावे आणि पाळी बदलायचीच असेल तर सकाळ, दुपार, रात्र याच क्रमाने पुढे सरकावी, कारण उलट क्रमापेक्षा तो शरीराला सोपा जातो. यात कंपनीचा खर्च जवळजवळ काही नाही. एकट्याने साहेबांसमोर जाऊ नये. पॅकिंगमधील सर्वांच्या सह्या घ्याव्यात, आणि कारखान्यात सुरक्षा समिती किंवा संघटना असेल तर अर्ज तिच्यामार्फत द्यावा. तोवर रात्रपाळीहून घरी येताना डोळ्यांवर गॉगल ठेवावा, खोलीला जाड पडदा लावावा, आणि चहा पाळीच्या पहिल्या अर्ध्यातच घ्यावा. अर्जाचे पुढे काय झाले ते या सदराच्या पत्त्यावर अवश्य कळवावे. वेळापत्रक लागले असेल, तर त्या फलकाचा फोटोही पाठवावा.